फोटो उतरवा

लिलाबाई खिल्लारे ही काही भांडखोर बाई नव्हती. धनजमध्ये कुणालाही विचारा. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिची एकवीस वर्षं गेली. लेकरांची नाकं पुसली, खिचडी शिजवली, रडणाऱ्याला कडेवर घेऊन फिरवलं, पण तिचा आवाज कधी रस्त्यापर्यंत आला नाही. घरातलं बोलायचं खातं नवऱ्याकडं होतं. देवमन गावचा कोतवाल, तलाठ्याच्या दप्तरामागं तीस वर्षं हिंडून निवृत्त झालेला, आणि त्याचा माणसांपेक्षा कागदावर जास्त भरवसा. अशा घरातली बाई कारंज्याच्या भर बाजारात एका जिन्यावर बावीस दिवस बसून राहिली, आल्यागेल्याला अडवून बोलत राहिली, हे ऐकून गावाला आधी खरंच वाटलं नाही.

झालं ते असं.

तिचा मुलगा संघदीप पंचवीस वर्षांचा. आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेला, हात कसबी. चाकणच्या एका कारखान्यात तीन वर्षं होता. कंत्राट संपलं तसा घरी आला. धाकटी धम्मदीपा वाशिमला एका दवाखान्यात नर्स होती. ती रोज फोनवर म्हणायची, दादा, काही ना काही मिळीन, घाई करू नको. पण बसून खाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. २०२४ च्या जानेवारीत त्याला मोबाइलवर एक जाहिरात दिसली : रशियात गोदामासाठी मदतनीस पाहिजेत, राहणं-खाणं मोफत, भाषेची अट नाही. पत्ता कारंज्याचाच निघाला. कापडबाजारात खेमचंद शेटजींच्या दुकानाच्या माडीवर, ‘गगनभरारी ओव्हरसीज’.

लिलाबाई त्याच्यासोबत गेली. पोरगं समुद्रापार चाललं, तर पाठवणाऱ्याचं तोंड तरी पाहून यावं, एवढंच तिच्या मनात होतं. पाठवणाऱ्याचं नाव वीरेंद्र. पस्तिशीचा, इस्तरीच्या शर्टातला, बोलायला असा गोड की ऐकणाऱ्याला आपण त्याच्या घरचेच वाटावं.

“तठी लढाई चालू हाये म्हन्तात ना भाऊ?” लिलाबाईनं विचारलं.

“मावशी, लढाई सरहद्दीवर,” वीरेंद्र म्हणाला. “रशिया केवढा देश हाये, मालूम हाये? आपल्यासारखे पाच देश त्याच्या पोटात मावतीन. बाजूचा एक लहानसा देश जरा जास्त फडफड करून राह्यला, त्याले दोन थापडा मारून राह्यले. आजउद्या संपते ते. तुमचा पोरगा गोदामात बसून खोके मोजीन.”

त्यानं ‘थापडा’ म्हणताना हवेत हात असा फिरवला की लिलाबाईला हसू आलं. ती हसली. त्या हसण्यानं पुढं तिला किती जाळलं ते तिचं तिलाच ठाऊक.

फेब्रुवारीत संघदीप मॉस्कोला पोचला. पहिले चार दिवस बर्फाचे फोटो आले. पाचव्या दिवशी मेसेज आला, की एक कागद दिलाय सहीला, त्यांच्या भाषेत आहे, सोबतच्या सगळ्यांनी केली म्हणून मीही केली. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला. देवमननं लगेच कळवलं, कागदाचा फोटो पाठव. फोटो आला. धम्मदीपानं सुट्टी काढून घरी येऊन मोबाइलमधल्या ॲपवर त्याचं भाषांतर केलं. एकेक ओळ वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. सशस्त्र दल. करार. मुदत एक वर्ष. आज्ञा न पाळल्यास शिक्षा.

देवमननं चष्मा काढला. आयुष्यभर त्यानं गावाला सांगितलं होतं, आधी वाच, मग अंगठा लाव. त्या दिवशी तो जेवला नाही.

आठवड्यानं आणखी एक फोटो आला. हिरवट पोशाख, डोक्यावर लोखंडी टोप, हातात बंदूक. पोरगं हसत नव्हतं की रडत नव्हतं. शाळेच्या ओळखपत्रावर लेकरं जशी पाहतात तसं समोर पाहत होतं. त्यानंतर दोन मिनिटांचा फोन.

“आई, इथं गोदाम-बिदाम काही नाही. बंदूक देल्ली हातात. पंधरा दिवस शिकवतीन अन् पुढं नेतीन.”

“पुढं म्हन्जे कुठी?”

“त्या दुसऱ्या देशात. युक्रेनात.”

“त्यायले सांग ना, मी वायरमन हावो म्हनून!”

“सांगतलं. हसले ते.”

मग मार्च गेला, एप्रिल गेला, मे गेला. फोन नाही, मेसेज नाही.

देवमननं अर्ज लिहायला घेतले. जिल्ह्याच्या साहेबांना, खासदारांना, दिल्लीला, मॉस्कोतल्या वकिलातीला. अक्षर त्याचं सुरेख. प्रत्येक अर्जाची झेरॉक्स, प्रत्येकाची पोच. उत्तरंही आली : आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे. पोलिसांत गेला, तर तिथल्या हवालदारानं पाणी पाजून विचारलं, “सही पोरानंच केली ना? मग गुन्हा कोणता लिहू, काका?” गावातही धीर देणारे पुष्कळ. शेषराव म्हणून एक माजी सरपंच रोज टीव्ही पाहायचा. तो रस्त्यात गाठून सांगायचा, “कायले घोर करता, लिलाबाई? रशिया जिंकून राह्यला ना!” जणू त्या जिंकण्यात तिच्या पोराचा जीव सुखरूप बांधून ठेवला होता.

जूनच्या पहिल्या सोमवारी लिलाबाई कुणाला न सांगता सकाळच्या बसनं कारंज्याला गेली. ती भांडायला गेली नव्हती. वीरेंद्रला एवढंच विचारायचं होतं, की बाबा, माझं लेकरू जिवंत आहे का तेवढं सांग.

माडीवर गेली तर खुर्च्यांवर चार पोरं बसलेली. आणि समोरच्या भिंतीवर, हार घातलेल्या गणपतीच्या बाजूला, एक मोठा रंगीत फोटो लावलेला. हिरवट पोशाख, लोखंडी टोप, हातात बंदूक. खाली लाल अक्षरात लिहिलेलं : ‘आमचे यशस्वी उमेदवार – संघदीप डी. खिल्लारे, धनज.’

तिनं दाराची चौकट धरली.

“या मावशी, या!” वीरेंद्र उठून पुढं आला. पोरांकडं वळून म्हणाला, “ह्या त्याच्याच मातोश्री. पाहा, आशीर्वाद द्यायले आल्या.”

“माझा पोरगा कुठी हाये?”

“ड्युटीवर हाये, मावशी. हीरो झाला तुमचा पोरगा. पुढं तठलं नागरिकत्व मिळीन. तो तुमालेच घेऊन जाईन.”

“तीन महिने झाले, फोन नाही. जिता हाये का मेला, ते सांग.”

“असं वंगाळ बोलू नये. फौजेत फोन देत नाहीत.”

“फौजेत?” लिलाबाईचा आवाज चढला, पहिल्यांदा. “तू खोके मोजायले नेतो म्हनला होता! अन् आता फौज म्हन्ते, ह्या पोरायच्या देखत? तो फोटो उतरव.”

वीरेंद्र हसला. तेच गोड हसू. “फोटो तं त्यानंच पाठवला मले, खुशीनं. त्यात काय एवढं? नाव होऊन राह्यलं त्याचं. तुमी खाली बसा, चहा घ्या.”

लिलाबाईनं चहा घेतला नाही. ती खाली मात्र बसली : जिना उतरून आली आणि तळाकडून तिसऱ्या पायरीवर बसली. तिनं ठरवून असं काही केलं नव्हतं. इतक्यात वरची दोन पोरं उतरून आली. तिनं त्यांचा रस्ता अडवला आणि म्हणाली, “त्या फोटोतला पोरगा माझा. त्याले गोदाम सांगतलं अन् लढाईत धाडलं. तुमाले काय सांगतलं?”

दोघं एकमेकांकडं पाहू लागले. “आमाले हॉटेलात सांगतलं,” एकजण म्हणाला.

“सही करायले लावतीन. वाचता येनार नाही असा कागद देतीन. अन् मंग असा फोटो पाठवसान घरी. तुमची माय हाये का जिती?”

पोरं निघून गेली, आणि लिलाबाईला कळलं की आपल्याला करण्यासारखं एक काम सापडलं आहे.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली. तिसऱ्या दिवशीही. अंगणवाडीतून रजा टाकली. वीरेंद्रनं आधी गोड बोलून पाहिलं, मग दरडावलं, मग एका माणसाकरवी सांगून पाहिलं, की म्हातारे, पोराचं वाईट होईन. लिलाबाई म्हणाली, याच्याहून वाईट काय, ते सांगायला त्यालाच येऊ दे.

खाली खेमचंद शेटजी. सत्तरीचे, पांढरं धोतर, गल्ल्याजवळ उकळलेल्या पाण्याची कळशी. चौथ्या दिवशी ते दुकानातून बाहेर आले.

“बाई, गिऱ्हाईक बिचकून राह्यलं. जिना माझा हाये, इथं बसता येनार नाही.”

“जिना तुमचा हाये?”

“हव मग.”

“तं वरचा मानूसही तुमचाच भाडेकरू ना, शेटजी? त्याले पुसा तो काय विकून राह्यला. तुमी कापड विकता, तो लेकरं विकते.”

शेटजी आत गेले. थोड्या वेळानं त्यांची सून त्रिशला पाण्याचा तांब्या पायरीवर ठेवून गेली. त्या दिवसापासून तो तांब्या रोज येत राहिला, पण शेटजी तिच्याकडं पाहणं टाळायचे. दुकानात शिरताना मान दुसरीकडं वळवायचे.

रोज पाच-सहा पोरं यायची. मानोऱ्याकडची, दारव्ह्याकडची, कुणी पार रिसोडहून. काही तिचं ऐकून परत फिरायची. काही हसून वर जायची. पोहरादेवीजवळच्या तांड्यावरचा लालसिंग नावाचा उंच पोरगा दोनदा आला. दुसऱ्यांदा तर तो तिच्याजवळ बसलाच. तिनं सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि उठताना म्हणाला, “मावशी, तुमच्या पोराचं नशीब. सगळ्यायचं तसंच होईन असं थोडी हाये.” आणि जिना चढून गेला. तिला वाटलं, उठून त्याचा सदरा धरून ओढावं. नाही ओढला. पुढं तिनं स्वतःला त्याबद्दल कधी माफ केलं नाही.

समोरच्या पानठेल्यावर एक रिकामटेकडा गृहस्थ रोज हिची गंमत पाहत उभा असायचा. एक दिवस ठेलेवाल्याला सांगतोय असं दाखवत तो मोठ्यानं म्हणाला, “खरं पाह्यलं तं चूक त्या लहान देशाची हाये. मोठ्याच्या नादी कायले लागावं? गप झुकून राह्यले असते तं एवढं झालंच नसतं.”

लिलाबाई उठली. रस्ता ओलांडून ठेल्यासमोर जाऊन उभी राहिली.

“काहो भाऊ, तुमचं घर कुठी हाये?”

“हाये इथंच, मागच्या गल्लीत. काहून?”

“उद्या कोनी पैलवान आला, तुमच्या दोन खोल्या धरून बसला अन् म्हनला, घर माझ्या आज्यानं बांधलं होतं, तं तुमी काय करसान? झुकसान?”

“ते वेगळं असते, बाई.”

“काय वेगळं असते? घरात घुसला तो मोठा हाये म्हनून चूक घरवाल्याची? आमच्या सासऱ्याले लोक हेच सांगे. मोठ्या लोकायच्या विहिरीवर कायले गेला, गप राह्यला असता तं मार बसला नसता. मार देनाऱ्याले कोनी नाही पुसे. तुमी त्यातलेच हा.”

तो गृहस्थ पान न घेताच निघून गेला. परत येऊन पायरीवर बसल्यावर लिलाबाईला रडू आलं. ती आजवर फक्त आपल्या पोराची माय म्हणून बसली होती. त्या दुसऱ्या देशाबद्दल तिला ठाऊक तरी काय होतं? तरी तोंडातून निघालं ते निघालं, आणि निघाल्यावर ते खोटंही वाटेना.

बाविसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तिचा फोन वाजला. नंबर लांबलचक, अनोळखी. तिला उचलता येईना, बोट घसरत होतं. त्रिशला पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिनंच बटण दाबून स्पीकर लावला.

“आई.”

लिलाबाईनं तोंडावर पदर दाबला.

“आई, ऐकून येते का? मी दवाखान्यात हावो. डाव्या हाताची दोन बोटं गेली. मांडीत तुकडे घुसले होते, काढले. बाकी बरा हावो.”

“काय झालं रे राजा?”

“गाडीतून नेत होते आमाले. वरून ड्रोन आलं. माझ्या बाजूले हरियाणाचा सुमेर होता. रोज मले त्याच्या पोरीचं बोलनं ऐकवे फोनमधलं. तो गेला, आई. दोन नेपाळी पोरं गेले. त्यायले आनलंही नाही परत, तठीच ठेवून आले. बाबाले सांग, इथं आपल्या वकिलातीचा मानूस येऊन गेला. बाबाचा अर्ज होता त्याच्या हातात. मी अक्षर वळखलं.”

फोन कट झाला. लिलाबाईनं मान वर केली तेव्हा खेमचंद शेटजी दुकानाच्या उंबऱ्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे गुडघे गेलेले, वर्षानुवर्षं ते त्या जिन्यावर चढले नव्हते. त्या दिवशी ते कठड्याला धरून एकेक पायरी चढले. लिलाबाई मागोमाग गेली.

वीरेंद्र खुर्चीतून उठला. “शेटजी! तुमी कायले तकलीफ घेतली?”

शेटजी भिंतीवरच्या फोटोपुढं उभे राहिले. बराच वेळ पाहत राहिले. “हाच का?” त्यांनी विचारलं. लिलाबाईनं मान हलवली.

“आमच्या घरात आळी मरू नाही म्हनून पीठ दोनदा चाळतात,” शेटजी वीरेंद्रला म्हणाले. “अन् माझ्या डोक्यावर बसून तू हे करून राह्यला. उतरव तो फोटो.”

“शेटजी, माझा करारनामा मार्चपर्यंत हाये. कायद्यानं—”

“तुझा करारनामा चुलीत घाल!”

म्हाताऱ्यानं स्वतः हात घातला. चिकटपट्टीसकट फोटो ओढून काढला, भिंतीचा रंग निघाला. तो गुंडाळून लिलाबाईच्या हातात देत ते म्हणाले, “बाई, माफ करा.”

लिलाबाईनं फोटो घेतला. तिला त्यांच्या पाया पडावं असंही वाटलं आणि ओरडावं असंही. ती एवढंच म्हणाली, “बावीस दिवस लागले, शेटजी. मी तं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं.”

शेटजी कठड्याला धरून जिना उतरायला लागले.

तिसऱ्या दिवशी वीरेंद्र पाटीसकट गायब झाला. अमरावतीला दुसऱ्या नावानं दुकान थाटल्याचं कानावर आलं. लिलाबाई अंगणवाडीत परत रुजू झाली. पण ऑगस्टमध्ये एका दुपारी तिच्या दारात एक बंजारा बाई येऊन उभी राहिली. उन्हानं रापलेली, हातात मोबाइल धरलेली. भुरीबाई तिचं नाव. लालसिंगची आई. तिनं मोबाइल पुढं केला. हिरवट पोशाख, लोखंडी टोप.

“तू त्याले सांगतलं होतं म्हने,” भुरीबाई म्हणाली. “जायच्या आधी बोलला होता मले. एक मावशी नको म्हनते म्हने.”

लिलाबाईनं तिला आत घेतलं. दोघी भिंतीला टेकून बसल्या. मग लिलाबाईनं देवमनला हाक मारली, “कागद काढा. दोघींचा एकत्र लिहा.” या वेळी अर्ज हातात घेऊन देवमन पोलीस ठाण्यात एकटा गेला नाही. दोन आया, धम्मदीपा आणि साक्षीला खुद्द खेमचंद शेटजी गेले. दिवसभर बसून राहिले. पाच वाजता गुन्हा नोंदवला गेला.

वकिलातीच्या खटपटीनं संघदीप ऑक्टोबरात सुटून आला. नागपूरच्या विमानतळावर लिलाबाईनं त्याला पाहिलं आणि आधी ओळखलंच नाही. खांदे उतरलेले, डावा हात खिशात. तिनं तो हात बाहेर काढला, उरलेली बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली आणि धनज येईपर्यंत सोडली नाहीत.

गावात फाट्यावर बॅनर लागलेलं होतं. ‘शूर योद्धा संघदीप खिल्लारे यांचे हार्दिक स्वागत’. शेषरावनं डफडेवाले आणले होते. लिलाबाई गाडीतून उतरली.

“कोन्या लढाईतला योद्धा, शेषरावभाऊ?” तिनं विचारलं. “आपल्या देशावर कोन चालून आलं होतं? हा चोरायच्या टोळीत फसून गेला होता, जीव वाचवून आला. काढा हे.”

“अवो, कौतुकानं केलं—”

“तेच तं म्हन्तो मी! कौतुक पाहूनच पुढचं पोरगं जाते.”

शेषरावला राग आला, पण बॅनर निघालं.

पुढच्या आठवड्यात संघदीपचा जबाब होता. तपासाचा अधिकारी तरुण होता, नीट बोलणारा. बाजूला एक जमादार लिहून घेत होता. लिलाबाई आणि भुरीबाई बाकावर बसल्या होत्या. संघदीपनं सांगितलं : जाहिरात, माडीवरचं ऑफिस, मॉस्को, सही, पासपोर्ट. लालसिंगबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, मला तिथं तो कुठंच भेटला नाही. भुरीबाईनं डोळे मिटून घेतले.

“झालं तर,” अधिकारी म्हणाला. “फसवणुकीपुरतं एवढं पुरेसं आहे.”

“झालं नाही, साहेब,” संघदीप म्हणाला. “मी तठी काय केलं तेही लिहा.”

“काय केलं?”

“एक गाव होतं. घरं चांगली होती, एकाचा दरवाजा निळा. मागं बटाट्याचं वावर, नुकतंच लावलेलं. आमच्यावरच्या मानसानं बोट दाखवलं, इथून तठवर खंदक खोदा. मी खोदला. घरातून एक बुढी आली. वरडली नाही. मी फावड्यानं वर काढेल बटाटे, कोंब फुटेल, एकेक येचून वट्यात घेत राह्यली. माझ्याजवळ आली अन् काहीतरी बोलली. मले समजलं नाही. सोबतच्या नेपाळी पोराले थोडी भाषा येत होती. तो म्हनला, ती पुसून राह्यली, तू कोन्या गावचा? आमी तुझ्या गावाचं काय वाकडं केलं?”

जमादाराचा पेन थांबला होता.

“मी खोदत राह्यलो. नाही खोदलं तं मागून गोळी होती. तिसऱ्या दिवशी आमचे लोक त्या घरात राहाले गेले. बुढी दिसली नाही. मी पुसलं नाही कोनाले. पुसता आलं असतं. नाही पुसलं.”

“संघदीप!” लिलाबाई ताडकन उठली. “हे कायले सांगतं? साहेब, हे लिहू नका. याले फसवलं, जबरदस्ती केली. याचा काय गुन्हा?”

“फसवलं मले, आई. पन वावर तिचं होतं.”

“तू मेला असता तठी!”

“हो. अन् मंग वीरेंद्रनं फोटोले हार घातला असता. तरी वावर तिचंच होतं.”

अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाला, “हे बघ, हे परदेशातलं आहे. आपल्या गुन्ह्यात हे बसत नाही. तुझ्यावरच उलटलं तर? आईचं ऐक.”

लिलाबाईनं मुलाकडं पाहिलं. तो तिच्याकडं पाहत नव्हता, जमादाराच्या थांबलेल्या पेनाकडं पाहत होता. गेले नऊ महिने तिचा संताप एकाच माणसाभोवती फिरत होता. माझं लेकरू, माझं लेकरू. ती बाई कोण होती, निळ्या दरवाज्याची, ओटीत बटाटे वेचणारी? तिच्याकडं कोणता देवमन होता अर्ज लिहायला? आणि लिहिले तरी पाठवायचे कुणाला, ज्यांनी घर घेतलं त्यांनाच? एवढा मोठा देश उठतो, बाजूच्याच्या अंगणात शिरतो, आणि खड्डे खोदायला पोरं आणतो कुठून, तर धनजहून, तांड्यावरून! आपलं पोरगं नसतं तर टीव्हीपुढं आपणही शेषरावसारखे बसलो असतो, कोण जिंकलं ते पाहत. थापडा म्हणताना तर आपण हसलो होतो.

“लिहा, साहेब,” ती म्हणाली.

“बाई, सांगितलं ना, ते यात बसत नाही.”

“बसत नसन तं बसवा! इचा पोरगा अजून तठी हाये,” तिनं भुरीबाईकडं हात केला, “तोही कोनाच्या तरी वावरात खोदून राह्यला असन. माझ्या पोरानं काय भोगलं ते तुमी लिहिता, अन् त्यानं काय पाह्यलं ते नाही लिहीत? कुठीच लिहिलं नाही तं त्या बुढीचं घर कधी होतंच नाही असं होईन. तो म्हन्ते तसं लिहा. शब्द न् शब्द.”

अधिकाऱ्यानं जमादाराकडं पाहिलं. जमादारानं पेन झटकला आणि लिहायला लागला. निळा दरवाजा, बटाट्याचे वावर, वृद्ध स्त्री. सात ओळी झाल्या.

वीरेंद्र नोव्हेंबरात पकडला गेला. दोन महिन्यांत जामिनावर सुटलाही. खटला सुरू आहे, तारखा पडताहेत. देवमन प्रत्येक तारखेला जातो. लालसिंगची खबर अजून नाही. भुरीबाई दर अमावास्येला धनजला येते, लिलाबाईच्या घरी मुक्काम करते आणि दोघी मिळून दिल्लीला फोन लावतात. फोनवरचा माणूस बदलतो, उत्तर बदलत नाही. त्या सात ओळींबद्दल अजून तरी कुठल्या वकिलानं काही विचारलेलं नाही.

जबाबाच्या दिवशी परत येताना बसमध्ये गर्दी नव्हती. लिलाबाई खिडकीशी बसली होती, संघदीप बाजूला.

“तिचं नाव काय होतं?” तिनं विचारलं.

“मालूम नाही.”

“गावाचं?”

“वेर्बिवका.”

लिलाबाईनं ते म्हणून पाहिलं. पहिल्यांदा जीभ अडखळली. दुसऱ्यांदाही. संघदीपनं सावकाश सांगितलं, अक्षर अक्षर तोडून, आणि धनजचा फाटा येईपर्यंत ती ओठातल्या ओठात ते घोकत राहिली.